ताटलीची मागची बाजू

मंगळवार, ४ ऑक्टोबर २०११

आमचा आठवणींचा वर्ग घेणाऱ्या फिलिपानं आज सगळ्यांना एकेक वही दिली. आठवण आली की लगेच टिपून ठेवायची, त्यातलं निवडून नाताळाआधी ‘आमचं लाँगटन’ नावाचं पुस्तक छापायचं, असा तिचा बेत आहे. वही चांगली जाड कागदाची आहे. हिच्यात मी खरं तेच लिहीन आणि ही कुणाला दाखवणार नाही. पुस्तकासाठी वेगळं पान लिहून देईन.

चर्चच्या हॉलमध्ये आम्ही अकराजण जमतो. सगळे सत्तरीच्या पुढचे, निम्मे बहिरे. फिलिपा लंडनकडची. पहिल्या दिवशी हॅरॉल्ड तिला आमच्या रीतीनं, लाडानं ‘ये गं, डक’ म्हणाला, तर ती मागं वळून बदक शोधायला लागली.

हेझलनं सुरुवात केली. “काय दिवस होते ते. हातात काही नव्हतं, पण माणसं होती.” मग हॅरॉल्ड म्हणाला, “आम्ही दारं सताड उघडी टाकून कामाला जायचो.”

मी म्हटलं, “तुमच्या घरातलं चोरणार काय हॅरॉल्ड, तुझी आई?”

मला या सगळ्याची शिसारी येते. मला आठवतं ते असं. कपबश्या भाजायच्या भट्ट्या पेटल्या की समोरचं घर दिसायचं नाही. दोरीवरची चादर धुण्याआधीपेक्षा काळी होऊन घरात यायची. परसातला संडास तीन घरांत मिळून एक, खिळ्याला वर्तमानपत्राचे चौकोन, आणि आपल्या आधी शेजारचा म्हातारा गेलेला असायचा. नाक शिंकरलं की रुमालावर काजळी. या असल्या दिवसांबद्दल लोक डोळ्यांत पाणी आणून बोलतात, तेव्हा वाटतं यांना त्याच संडासात नेऊन कोंडावं.

माझ्या शेजारी ऑड्री ब्लूर बसते. हॅडरिलच्या चिनीमातीच्या कारखान्यात रंगकामाच्या बाकावरही ती माझ्या शेजारीच बसायची. तिच्या कवळीला नेहमी लिपस्टिक लागलेली असते. रुमालात खोकते, मग रुमाल उघडून बघते, मग बाहीत खुपसते. हॉलमधल्या कागदी बशीत ती खात नाही. घरून स्वतःची ताटली आणते आणि तिच्यावर स्वतःचाच लिंबाचा टार्ट. ती ताटली म्हणजे डोळ्यांना शिक्षा आहे. पानावर पान फासलेलं, हिरव्या रंगाचा नुसता चिखल, गोगलगाय फिरून गेल्यासारखा. एकसष्ट सालच्या तिच्या नाकारलेल्या मालातली असणार, तेव्हा तिचं काम फार बिघडलं होतं. आपलीच घाण कुणी पन्नास वर्षं जपून ठेवतं का? उलटी करून बघायचीसुद्धा गरज नाही.

शुक्रवार, ७ ऑक्टोबर

एक आठवण, पुस्तकात न जाणारी. ब्रशचं टोक बारीक करायला आम्ही तो तोंडात घालायचो. बंदी होती, पण मुकादमबाई पाठमोरी झाली की सगळ्यांच्या जिभा बाहेर. टर्पेंटाइनची चव दुपारच्या ब्रेडला, रात्रीच्या सुपाला, नवऱ्याच्या मुक्यालाही. लेन म्हणायचा, “तुझ्याशी लग्न म्हणजे रंगाच्या डब्याशी लग्न.” लेनला जाऊन आता आठ वर्षं झाली. बाकी आज काही नाही.

मंगळवार, ११ ऑक्टोबर

आज माझी शोभा झाली.

हॅरॉल्डनं बायकोच्या कपाटातल्या ताटल्या आणल्या होत्या. बायको गेली, आता त्या वापरणार कोण, म्हणून. त्यांच्यावर सगळ्यांना ओटची धिरडी वाढली, गरम, आत चीज आणि बेकन. आमच्या गावात माणसाच्या हातात ताटली आली की तो ती उलटी करून मागचा कारखान्याचा शिक्का बघतो. लग्नात, हॉटेलात, मयताच्या चहाला, कुठंही. हात आपोआप वळतो. माझाही वळला. धिरडं ताटलीतच आहे हे ध्यानातच आलं नाही. ते गेलं थेट फिलिपाच्या मांडीवर, चीजची बाजू खाली.

सगळे खिदळले. “नोराची सवय मेल्यावर जाणार,” हेझल म्हणाली. ऑड्री हसता हसता खोकली, मग रुमाल बघितला.

मी हसले नाही, कारण माझी नजर ताटलीच्या पाठीवर होती. शिक्का हॅडरिलचा, महिना-साल चार एकसष्ट, आणि खाली रंगवणारीची खूण. दोन ठिपके आणि एक शेपटी. ती माझी खूण. प्रत्येक बाई आपल्या कामाखाली आपली खूण काढायची आणि ती सहीइतकीच पक्की असायची. पण मी डावखुरी आहे. माझी शेपटी डावीकडं वळते. हिची वळली होती उजवीकडं.

कुणीतरी माझी खूण काढली होती.

शुक्रवार, १४ ऑक्टोबर

झोप नीट नाही. सकाळी उठून हॅरॉल्डच्या घरी गेले आणि सांगितलं, सगळा संच दाखव.

“पुन्हा काही सांडणार आहेस का?” तो म्हणाला. त्याचं स्वयंपाकघर बघवत नाही. ओट्यावर दुधाच्या बाटलीत बोटभर दही झालेलं.

संचात बारा ताटल्या. सात माझ्या खुणेच्या, सगळ्या एप्रिल-मे एकसष्टच्या, सातही शेपट्या उजवीकडं. मग चित्राची बाजू बघितली. पान संपवताना ब्रश उचलला की शेवटी एक फटकारा राहतो. माझा डावीकडं जातो, उजव्या हाताच्या बायांचा उजवीकडं. हे सगळे उजवे. आणि प्रत्येक पान मधोमध जरा फुगलेलं. असं पान आख्ख्या बाकावर एकच बाई काढायची. ऑड्री ब्लूर.

आता सगळं जुळलं. रंगवलेल्या ताटल्या प्रत्येकीनं आपल्या लांब फळीवर मांडायच्या. त्या वसंतात ऑड्रीचा माल फळीच्या फळी नाकारला जात होता. आमची मुकादम मिसेस मेचिन सगळ्यांदेखत तिला म्हणाली होती, “ब्लूर, तू रंगवतेस की पुसतेस?” पुढच्या महिन्यात सोन्याच्या कडा काढायच्या, जास्त पगाराच्या बाकावर एक जागा निघाली. हिवाळ्यापर्यंत सगळ्यांना वाटत होतं ती ऑड्रीला मिळेल. मिळाली मला. बाई मला स्वतः म्हणाली होती, “नोरा, तुझं काम अलीकडं उजवं दिसतंय.” मेचिनबाईच्या तोंडून कौतुक म्हणजे भट्टीतून बर्फ. ते वाक्य मी पन्नास वर्षं जपलंय. त्या सोन्याच्या बाकावर मी एकवीस वर्षं बसले.

म्हणजे स्वतःचं काम खपेना, तेव्हा या बाईनं माझ्या नावावर खपवलं. तपासणीत नापास मालाच्या शिक्क्यावर ओरखडा मारतात. या सातांपैकी एकीवरही ओरखडा नाही. पहिल्या दर्जाचा माल म्हणून सफाईनं सुटल्या सगळ्या. खरं सांगायचं तर काम सुंदर आहे. माझं नाव वापरायचं म्हणून मन लावून केलेलं दिसतंय.

हॅरॉल्ड दारापर्यंत आला. म्हणाला, “नोरा, जुन्या ताटल्या आहेत गं. राहू दे.” मी म्हटलं, तुझ्या आईला कुणी चोरलं असतं तर राहू दिलं असतंस का?

रविवार, १६ ऑक्टोबर

पुस्तकासाठीचं पान लिहून काढलं. इथं उतरवून ठेवते.

‘मी हॅडरिलच्या कारखान्यात पंधराव्या वर्षी लागले. आमच्या वेळी कामाला कारणं चालत नसत. १९६१च्या एप्रिलमध्ये माझ्या घरी एक दुःखाचा प्रसंग झाला, तरी दहाव्या दिवशी मी बाकावर होते आणि त्या वसंतात माझी फळी एक दिवसही अपुरी राहिली नाही. उलट आमच्या मुकादमबाईंनी त्याच दिवसांत माझ्या कामाची तारीफ केली. हल्लीच्या मुलींना हे सांगून पटणार नाही.’

यात गुलाबी काही नाही, रडगाणंही नाही. हेझलनं हे वाचून शिकावं. त्या दिवसांतलं मला फारसं आठवत नाही हे खरं. खिडकीवरची काजळी आठवते, आणि फळी भरून जाताना दिसायची ते आठवतं. पण भरलेली फळी ही भरलेलीच असते.

मंगळवार, २५ ऑक्टोबर

गेल्या मंगळवारी सर्दीनं गेले नव्हते. आज गेले, हॅरॉल्डच्या दोन ताटल्या पिशवीत घेऊन.

फिलिपा म्हणाली होती, ज्यांना पान वाचायचंय त्यांनी वाचा. मी माझं वाचलं. टाळ्या पडल्या, पण वरवरच्या. मग मी ताटल्या टेबलावर उलट्या मांडल्या आणि म्हटलं, “आणि ही त्याच वसंतातली दुसरी आठवण. पुस्तकात घालायची असेल तर घाला. ऑड्री, ही शेपटी कुणी काढली?”

ऑड्री बिस्किट चहात बुडवत होती. ते तुटून कपात पडलं. तिनं चमच्यानं त्याचा लगदा वर काढला आणि खाल्ला.

“चष्मा आणला नाही बाई,” ती म्हणाली.

“चष्म्याची गरज नाही. पान तुझं आहे आणि खूण माझी आहे. तुझा कचरा तू माझ्या नावावर खपवलास. असली माणसं पुस्तकात असतील तर माझं नाव नको.”

हेझल म्हणाली, “नोरा, अगं त्या वेळी तू...” तेवढ्यात हॅरॉल्डनं तिला कोपरानं ढोसलं. काय ते पुढं आलंच नाही. आमच्या लोकांची ही खोड आहे, उघड्यावर धुवायचं म्हटलं की सगळे खाली बघतात.

ऑड्री उठली. “असेल बाई. तेव्हा काय काय केलं ते कुठं लक्षात राहतंय.” मग बोट चाटून ओलं केलं, ताटलीतल्या टार्टचा शेवटचा चुरा त्या बोटानं टिपून खाल्ला, ती घाणेरडी ताटली पिशवीत घातली आणि गेली. ना लाज, ना माफी. मी जिंकले असं मला वाटायला हवं होतं. घरी येऊन हात दोनदा धुतले.

मंगळवार, १ नोव्हेंबर

ऑड्रीची खुर्ची रिकामी. कुणी बसलं नाही तिच्यावर. माझ्या दुसऱ्या बाजूची हेझलही आज हॅरॉल्डशेजारी जाऊन बसली, हीटरपाशी ऊब असते म्हणाली. हीटर बंद होता.

कालव्याचा विषय निघाला. पाणी कसं कोमट असायचं, पोरं कशी पोहायची. मी सांगितलं की पाणी कोमट असायचं ते कारखान्यांची गटारं त्यात सुटायची म्हणून, आणि एकदा माझ्या चुलतभावाच्या पायाला मेलेलं कुत्रं लागलं होतं. फिलिपानं ते लिहून घेतलं नाही.

मंगळवार, ८ नोव्हेंबर

पुन्हा रिकामी. फिलिपा म्हणाली, मिसेस ब्लूरची छाती भरली आहे, घरीच आहेत. त्यांनी पान आधीच देऊन ठेवलंय, पण छापायच्या परवानगीवर त्यांची सही हवी. “तुम्ही त्यांच्या जवळ राहता ना? कागद नेऊन द्याल का?”

मी म्हटलं, मी सांगितलंय ना, ती असेल तर मी नाही. फिलिपा म्हणाली, “तुम्ही आधी वाचा तरी. पाचच ओळी आहेत.” आणि कागद माझ्या हातात कोंबून ती खुर्च्या रचायला लागली. या मुलीला मी मऊ समजले होते.

घरी येऊन वाचलं. ऑड्रीचं अक्षर कोंबडीच्या पायासारखं.

‘बाकावर माझ्या उजवीकडं एक डावखुरी मुलगी बसायची. तिचं डावं कोपर दिवसभर माझ्या उजव्या कोपराला लागायचं. संध्याकाळी घरी गेलं तरी हात हुळहुळायचा. एका वसंतात ते लागायचं थांबलं. मला काही ते बरं वाटलं नाही.’

म्हणजे बघा. आयुष्यात लिहून लिहून काय लिहिलं, तर माझ्या कोपराची तक्रार. शेवटच्या ओळीत काय म्हणायचंय तेही धड नाही.

गुरुवार, १० नोव्हेंबर

हे लिहायला मला दिवसभर लागला आहे. क्रमानं लिहिते.

सकाळी दहाला तिच्याकडं गेले. सही घ्यायची आणि निघायचं असं ठरवलं होतं. तिनं दार उघडलं, अंगात गाऊन, वर कोट, पायात पुरुषी मोजे. घरात बाम आणि मांजराचा वास.

“ये. पाय पूस,” ती म्हणाली. एवढंच.

मी खुर्चीच्या काठावर बसले. तिनं चहा केला आणि टार्टचा तुकडा कापून माझ्यासमोर ठेवला, त्याच ताटलीत. मी म्हटलं, मला नको. “खाऊ नकोस. समोर असू दे,” ती म्हणाली आणि कागद वाचायला चष्मा शोधायला लागली.

खिडकीतून ऊन थेट टेबलावर आलं होतं. हॉलमध्ये ट्यूबलाइटखाली कधी दिसलं नव्हतं ते दिसलं. त्या चिखलात पानं होती. पानावर पान, त्यावर पुन्हा पान, एकाच जागी. आणि प्रत्येकाच्या टोकाचा फटकारा डावीकडं गेला होता.

ताटलीत टार्ट होता हे मला माहीत होतं. मी ती तशीच उलटी केली.

मागं हॅडरिलचा शिक्का, चार एकसष्ट, शिक्क्यावरून आडवा ओरखडा. खाली खूण माशाच्या गळाची. ऑड्रीची खूण.

“गालिचा परवाच धुतलाय,” ऑड्री म्हणाली.

“हे मी रंगवलंय.”

“रंगवलंय कसलं. ब्रश फिरवत होतीस. समोर ताटली ठेवली की एका जागी फिरवायचीस, दुसरी ठेवली की तिच्यावर. कोपर अंगाला चिकटवून. हाक मारली तर ‘ओ’ द्यायचीस आणि पुन्हा फिरवायचीस.”

“किती दिवस?”

“मेच्या शेवटापर्यंत. मग एक दिवस कोपर लागलं मला. मी हेझलला म्हटलं, आली बघ परत.”

“आणि तू माझ्या ताटल्यांवर तुझी खूण टाकायचीस, तुझ्या ताटल्यांवर माझी.”

“बिनखुणेची ताटली भट्टीत घेत नाहीत. कुणाची तरी टाकायलाच हवी होती. तुझी टाकली असती तर मेचिनबाईनं तुला खाली माती कालवायला धाडलं असतं. तिथं तू मेली असतीस.” तिनं खोकून घेतलं. “शेपटी मला जमली नाही. डाव्या हातानं काढून बघितली तर उंदरासारखी यायची.”

“सगळ्यांना माहीत होतं?”

“सगळ्या बाकाला. मेचिनबाईलाही असावं. काही बोलली नाही.”

बोलली होती. मलाच बोलली होती. उजवं दिसतंय, म्हणाली होती.

“मला का नाही सांगितलंस? पन्नास वर्षांत एकदा?”

“काय सांगायचं? तू तुझ्या मनात भरलेली फळी घेऊन बसली होतीस. ती कशाला सांडायची.”

“आणि सोन्याचा बाक?”

“सोन्याच्या पाण्याचा वास मला सहन होत नाही,” ती म्हणाली. हे खोटं आहे. ऑड्रीला कुठलाच वास कळत नाही, नाहीतर तिनं ते मांजर पाळलं नसतं.

मी विचारलं, ही ताटली तू ठेवलीस कशाला. ती म्हणाली, “टार्टला बरोबर बसते.”

आमच्या मुलीचं नाव रूथ ठेवलं होतं. दोन दिवस होती. लेन गेल्यापासून हे नाव कुणी उच्चारलेलं नाही आणि या वहीतही मी ते ‘प्रसंग’ म्हणून ढकलून दिलं. मी हेझलच्या गुलाबी आठवणींवर थुंकत होते आणि पन्नास वर्षं स्वतःची आठवण सोन्यानं मढवत होते. हॉलमध्ये उभं राहून मी त्या बाईला चोर म्हटलं. तिच्या लिपस्टिकची, रुमालाची, मांजराची मला आली नसेल इतकी किळस मला आज स्वतःची आली. धुऊन जाणारी ती नाही.

लिंबाचं सारण गालिच्यावर पसरलं होतं. मी गुडघ्यांवर बसले. मोठे तुकडे हातानं उचलले. बारीक चुरा निघेना, तेव्हा बोट चाटून ओलं केलं आणि टिपत राहिले. ऑड्री वरून बघत होती. म्हणाली, “टेबलाखालीही गेलाय.”

निघताना मी म्हटलं, मंगळवारी सगळ्यांसमोर सांगते. तिनं परवानगीवर सही करून कागद दिला. “सांग. पण पुस्तकात माझ्या नावानं ती ताटली छापू नका. लोक म्हणतील हिला रंगवता येत नव्हतं.”

मंगळवार, १५ नोव्हेंबर

सांगितलं. उभी राहून, नाव घेऊन, सगळं. हेझल रडली, हॅरॉल्डनं छताकडं बघितलं. कुणाला नवीन काही कळलं नाही, फक्त फिलिपाला. ऑड्री खुर्चीत होती, कोट घालून. माझं झाल्यावर म्हणाली, “आता बस. चहा निवतोय.” मी तिच्या उजवीकडं बसले. माझं कोपर तिला लागलं. तिनं हात काढून घेतला नाही.

फिलिपाकडून माझं पान परत मागून घेतलं. पुस्तक छापायला जायला दहा दिवस आहेत. जेवण झाल्यावर नव्यानं लिहायला बसले. पहिलं वाक्य लिहिलं: ‘१९६१च्या वसंतात मी एकही ताटली रंगवली नाही.’

दुसरं वाक्य रूथपासून सुरू करायचं आहे. अजून हात उचलत नाही.